बदामी सीटवर मावळ

मोटारींच्या आतला रंग ठरवणारा जो कोणी साहेब असेल, त्याला एकदा आषाढात वेल्ह्याला आणलं पाहिजे. नसरापूरला चेलाडी फाट्यावरून आत वळायचं, मार्गासनीला चहा पाजायचा, साखर-गुंजवण्याच्या अंगाला रस्त्याकडेला गाडी लावायची आणि भाताच्या खाचरांमधून, बांधाबांधाने, त्याला एक फेरी मारून आणायचं. चिखलणी चालू असली तर उत्तमच. मग गाडीचं दार उघडून अदबीने म्हणायचं, "बसा साहेब. बदामी आहे."

हा बदामी रंग आपल्याकडे इतका कसा रुजला, हे मला कोडं आहे. शोरूमच्या दिव्यांखाली तो गोड दिसतो, गाडी आतून ऐसपैस वाटते, आणि विकणारा तरुण 'प्रीमियम लुक' हे दोन शब्द अशा ठेक्यात म्हणतो, की काळी-करडी सीट मागणाऱ्या माणसाला उगीचच ओशाळल्यासारखं होतं. काळं उन्हात तापतं, हा मुद्दा खरा. पण कात्रजचा बोगदा ओलांडून जो माणूस सणावाराला, सुट्टीला, शेताला भोर-वेल्ह्याकडे जातो, त्याने बदामी सीट घेणं म्हणजे धुळवडीला परीटघडीचा झब्बा घालून निघणं.

कारण इथली माती एका रंगावर भागवत नाही. खाचरातला चिखल काळसर. वाळला की त्याचा करडा पापुद्रा होतो, तो निदान झटकता येतो. डोंगराला लागलं की तांबडी माती सुरू होते आणि ती झटकली की पसरते. रायरेश्वराच्या पठारावर तर मातीचे सात रंग दाखवतात. शिवरायांनी १६४५ साली तिथल्या शंभूमहादेवासमोर स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. आता तिथे जाणारा पुणेकर आधी देवळात नमस्कार करतो आणि मग ती सात रंगांची माती बघायला जातो. हौशी लोक पुडीत बांधूनही आणतात. खरं तर पुडीची गरज नसते. बुटाच्या तळव्याच्या खाचांतून ती न सांगता गाडीत येते. पायांखालच्या मॅटवर तीन रंग उतरतात आणि पुढच्या सीटच्या पाठीवर, मागे बसलेल्या पोरांच्या बुटांनी, उरलेले चार.

ट्रेकर मंडळींचं वेगळंच. तोरणा १,४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. पावसाळ्यात तो चढताना पायांनी चढतात आणि उतरताना बऱ्याच अंशी बसून. म्हणजे किल्ला ज्या भागावर सर्वांत ठळक छापून येतो, नेमका तोच भाग गाडीत आल्यावर सीटला टेकतो. पलीकडे राजगड पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. चिखलातून दौड करून आलेल्या घोडेस्वाराला त्या काळी कोणी "खोगीर खराब होईल, पाय झटकून बस" म्हणालं असेल, असं वाटत नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली ठरवलं. लोक बोलताना अजून वेल्हंच म्हणतात, आणि चिखलाला तर दोन्ही नावं चालतात.

या चिखलाचं शहाणपण असलं तर ते वडापवाल्यांकडे. त्यांच्या जीपला रेग्झिनच्या सीट असतात, गडद हिरव्या नाहीतर मरून. दिवसभर शेळी, खताची पोती, शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं वाहून झालं की रात्री दारं उघडायची आणि पाइप मारायचा. झालं इंटिरियर क्लीनिंग. सकाळपर्यंत गाडी वाळते. या लोकांना 'लेदर कंडिशनर' म्हणजे काय ते विचारू नये. ते चेष्टा करत नाहीत, पण एकमेकांकडे बघतात.

आमच्या भाऊजींची गाडी मात्र बदामी लेदरची. राहायला पुण्यात, शेत वेल्ह्याकडे. शेतातला इंद्रायणी तांदूळ ते दर दिवाळीनंतर सगळ्या नातेवाइकांना पोचवतात, आणि बियाण्याचं भात नेणंही याच गाडीतून. त्यातलं एक पोतं केव्हातरी डिकीत उसवलं. सांडलेलं झाडून काढलं. श्रावणात एकदा डिकी उघडली तर कार्पेटच्या कडेतून हिरवीगार, टोकदार, ताठ पाती वर आलेली. भाऊजींनी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ताईंनी खाली लिहिलं, "आवणीला माणसं किती लागतील ते सांगा." त्या दिवशी गाडी साफ करायचं ठरलं.

नसरापूर ते कापूरहोळ या पट्ट्यात महामार्गाच्या कडेने गाड्या धुणारे, टायरवाले, बॅटरीवाले आणि मधूनच एखादा कुशनवाला अशी रांग लागते. भाऊजींचे मिस्त्री त्यातलेच. मूळचे कुशनवाले, आधी जीपचे हुड शिवायचे, मग सीटकव्हरं, आता गाडी आतून धुणं आणि लेदरला रंग देणंही करतात. गाडी पाहण्याची त्यांची पद्धत मला आवडली. बाहेरून एक नजरही टाकली नाही. थेट आत डोकं घातलं, एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "बरेच दिवस बंद होती काय? पावसाळ्यात?"

होती. इथल्या पावसात बंद काचांची गाडी आठवडाभर उभी राहिली तरी सीटवर पांढरी बुरशी धरते. माणसाचा घाम, केसांचं तेल, सांडलेला चहा यांचा जो सूक्ष्म थर सीटवर बसलेला असतो, त्यावर तिचं पोट भरतं. त्यावर अत्तराची बाटली टांगणं हा उपाय नाही. मग नुसती बुरशी नाही, मोगऱ्याची बुरशी होते. मिस्त्रींनी सीटा बोल्ट काढून बाहेर घेतल्या आणि उन्हात ओळीने मांडल्या. गाडीबाहेर नुसती सीट फार विचित्र दिसते. रस्त्याने जाणारे दोघे त्यावर बसून बिडी ओढून गेले.

सीटांखाली जे निघालं ते सांगायला नको, तरी सांगतो. नाणी, शेंगदाण्याची टरफलं, बनेश्वरच्या सहलीचं पार्किंगचं चिटोरं, गोळ्यांचं पाकीट, एका पायातला लहान मोजा, आणि पिवळी धूळ. ही धूळ मावळातली नव्हे. कापूरहोळवरून नारायणपूर, सासवड करत जेजुरीला जाऊन आलेल्या प्रत्येक गाडीत ती असते. भंडारा! मिस्त्रींनी लगेच हात वर केला, "याला साबण लावू नका कुणी." हळदीला साबण लागला की डाग लालबुंद होतो, हे घरोघरच्या बायकांना माहीत आहे, साबणातल्या क्षाराने हळदीतल्या रंगद्रव्याचा रंग पालटतो. पण हेच रंगद्रव्य उन्हापुढे टिकत नाही. दारं उघडी टाकून कडक ऊन द्यायचं, डाग आपसूक फिका पडतो. खंडोबाचं आणि सूर्यनारायणाचं आपसात काय ते ठरलेलं असावं. कुंकवाच्या डागाबद्दल मात्र मिस्त्रींनी काही आश्वासन दिलं नाही. नवी गाडी घेतल्यावर पहिला डाग तोच पडतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो.

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर निळसर छटा होती. ती भाच्याच्या नव्या जीन्सची. जीन्सचा निळा रंग सुताला वरवर धरलेला असतो, आत मुरलेला नसतो, म्हणूनच ती विटते आणि विटली की आवडते. विटताना तो रंग कुठे जातो, याचा विचार कोणी करत नाही. तो भाऊजींच्या सीटवर येतो. दाराच्या खणात चुन्याची डबी फुटलेली निघाली तेव्हा मात्र मिस्त्री गंभीर झाले. कच्च्या कातड्यावरचे केस काढायला ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात, तेव्हा तयार कातड्याला हा पाहुणा नको. "कोणाची डबी?" असं विचारल्यावर भाऊजी टायर बघायला गेले.

आता मुख्य प्रसंग. भाऊजींच्या मातुःश्री, माई, यांना वेल्ह्याच्या मेंगाईला नैवेद्य न्यायचा असतो, तोही सोवळ्यात. गाडी घेतल्यापासून त्यांचा एकच प्रश्न आहे: हे चामडं आहे का? भाऊजींनी इतकी वर्षं तो टोलवला होता. "देवसुद्धा मृगाजिनावर बसतात, माई." "ते हरीण होतं. हे काय आहे ते आधी विचार." एवढ्यावर संभाषण थांबायचं. त्या दिवशी माई गाडीबरोबर दुकानात आल्या होत्या, आणि त्यांनी मिस्त्रींनाच गाठलं. "तुम्ही खरं सांगाल. हे चामडं की काय?"

मिस्त्रींनी सीटच्या खालची क्लिप काढली आणि बाजूच्या पट्टीची कड उलटी करून दाखवली. आतून विणलेलं कापड, त्यावर गुळगुळीत थर. "रेग्झिन आहे, आजी. बघा, कापड." माईंचा चेहरा उजळला. भाऊजींचा पडला, शोरूममध्ये लेदर म्हणून मोजलेले पैसे त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले असावेत. मिस्त्रींनी मागची बाजू उलटली. रेग्झिन. दाराचा तुकडा पाहिला. रेग्झिन. माई आता जवळजवळ गाडीत बसायलाच निघाल्या होत्या. मग मिस्त्रींनी मधल्या गादीची शिवण थोडी उसवली आणि तिची कड बोटाने मागे केली. खालून केसाळ, मऊ, तंतूतंतूंचं काहीतरी दिसलं. "हे मात्र अस्सल आहे हं, साहेब." भाऊजी सावरले. माई थबकल्या.

"म्हणजे टेकायचं तेवढंच चामडं?"

तसंच असतं. लेदर सीट म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग कातड्याचा आणि कडा, पाठ, दारं रेग्झिनची. खर्च वाचतो आणि लांबून फरक कळत नाही. माईंनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "धाबळी टाकीन वर." लोकरीची धाबळी सोवळ्यात चालते. शास्त्रात प्रत्येक गोष्टीला वाट असते, फक्त ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी काढावी लागते.

कातड्याला रंग देणं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, बुटाला पॉलिश करतात तसलं काहीतरी असेल. पण गाडीच्या कातड्याचा रंग आत मुरलेला नसतोच फारसा. वर रंगाचा एक पातळ पापुद्रा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकसारखा लेप, एवढंच आपल्याला दिसतं, हाताला लागतं. आपण आयुष्यभर त्या लेपावर बसतो. कातडं बिचारं खाली अंधारात. ड्रायव्हर उजवीकडून उतरतो, म्हणून त्याच्या सीटची उजवी कड सगळ्यांत आधी झिजते. तिथला पापुद्रा गेला, चिरा पडल्या, की लोक म्हणतात लेदर फाटलं. ते फाटलेलं नसतं, उघडं पडलेलं असतं.

मिस्त्रींनी आधी मऊ ब्रशने फेस करून सगळा तेलकटपणा काढला. फडक्यावर आलेला मळ चहाच्या रंगाचा होता, आणि तो कोणत्या वर्षाचा, यावर कोणी बोललं नाही. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, चिरांमध्ये पातळ लांबी भरली, वाळवली, पुन्हा घासली. मग रंग. डबा आधी उघडला नाही. हेडरेस्टच्या खालच्या बाजूला, जिथे ना ऊन पोचतं ना डोकं, तिथला मूळ बदामी त्यांनी निरखून पाहिला. तो गाडीतल्या कुठल्याही दिसणाऱ्या भागाशी जुळत नव्हता. भाऊजी आपलीच गाडी ओळखेनात.

मग वाटीत पांढरा रंग भरपूर, त्यात पिवळ्याची धार, तांबड्याचे थेंब, आणि शेवटी काडीच्या टोकावर काळा. काळा घालताना मिस्त्रींचा श्वास थांबला होता. "जास्त झाला तर परत येत नाही." पट्टीवर एक ओढ ओढली, वाळवली, ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. मान हलवली. आणखी पिवळा. असं बराच वेळ.

मी विचारलं, हा पिवळा, तांबडा असतो कशाचा? मिस्त्रींनी डबा फिरवून दाखवला. आयर्न ऑक्साइड. म्हणजे लोखंडाचा गंज, सभ्य भाषेत. रायरेश्वरावरच्या मातीला जे पिवळे-तांबडे रंग आहेत, तेही लोखंडाच्या याच ऑक्साइडांचे. सकाळपासून व्हॅक्यूम लावून, ब्रश घासून, फडकी बदलून जो पदार्थ आम्ही गाडीतून बाहेर काढला, तोच डब्यातून, बारीक दळून आणि पैसे मोजून, आत परत चालला होता! मी हे भाऊजींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की यापुढे मला शेतावर नेतील की नाही याची शंका आली.

आणि रंगाचंच कशाला? खाली भोरच्या अंगाला हिरडस मावळ. तिथल्या रानात हिरडा आहे, आणि हिरड्यातला तुरट अंश हा कातडं कमावायचा जुना मसाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या चामड्याच्या कारखान्यांना हिंदुस्थानातला हिरडा बोटी भरभरून जायचा. त्यातली एक जात तिकडच्या व्यापारात वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखली जाई. मग त्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावायची रीत निघाली. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, आणि हिरडा पुन्हा खोकल्यापुरता आणि पोटापुरता उरला. अस्सल कोल्हापुरी चपलेला मात्र अजून बाभळीची साल आणि हिरडा लागतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्यात पाय घालून खाचरात कोणी उतरत नाही. चप्पल बांधावर काढून ठेवायची, हे इथल्या पोराला चालायला लागल्यावरच कळतं. मोटारीची सीट बांधावर काढून ठेवता येत नाही, ही खरी अडचण.

रंगाचे हात पातळ द्यायचे, एक वाळल्यावर दुसरा. जाड दिला तर बसताना तडकतो. शेवटी मॅट लेप. चकचकीत लेप दिला तर सीट नवी दिसत नाही, खोटी दिसते. संध्याकाळी उन्हात त्या ओळीने मांडलेल्या बदामी सीटा पाहून खरोखर बरं वाटलं. बिडीवाल्यांना या वेळी मिस्त्रींनी लांबूनच हटकलं.

दारावरच्या कापडाचं मात्र रंगवणं झालं नाही. भाऊजींना वाटत होतं, भोरच्या बाजारातून कापड रंगवायची पुडी आणून ब्रश मारला की काम होईल. ती पुडी सुतासाठी. गाडीतलं कापड पॉलिएस्टर. कारखान्यात त्याला दाबाखाली, १३० अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात वेगळ्या जातीचे रंग चढवतात. तेवढा ताप दाराला दिला तर कापड रंगेल, पण दार राहणार नाही. तेव्हा नुसता फेस मारून मशीनने पाणी ओढून घेतलं. पाणी जितकं ओतू तितकं स्वच्छ, हा आपला धुण्याचा हिशेब इथे उलटतो. आतला फोम पाणी पितो आणि पुढे महिनाभर त्याचा वास परत करत राहतो. छताच्या कापडाला तर पाणी दाखवायचंही नाही. त्यामागचा गोंद सुटला की ते शामियान्यासारखं खाली येतं आणि उंच माणसाच्या डोक्याला भांगाची रेघ पडते.

सीटा गाडीत बसल्या. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवसापर्यंत हात न लावण्याची ताकीद दिली. भाऊजी दार उघडून नुसते बघत उभे राहिले. सकाळी मिस्त्रींनी त्यांना एक सुचवलं होतं, की रंग द्यायचाच आहे तर बदामी कशाला, चॉकलेटी देऊ. इकडच्या रस्त्याला तोच टिकतो. भाऊजींनी ते साफ उडवून लावलं होतं. गाडीची शोभा जाते, म्हणाले.

आता ते थोडा वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, रविवारी शेतावर जायचंय. आवणीची माणसं असतील बरोबर."

मिस्त्री काही बोलले नाहीत. आत गेले आणि सीटकव्हरांचे नमुने घेऊन आले. भाऊजींनी ते सगळे चाळले, एक-दोन बोटांनी चोळून पाहिले, माईंना दाखवले. माईंनी कापडी आहे ना, एवढीच खात्री करून घेतली. शेवटी एकावर बोट ठेवलं गेलं. चॉकलेटी.

"उद्या रंग वाळला की चढवतो," मिस्त्री माप घेत म्हणाले. "सकाळीच ऐकलं असतं तर एकाच पैशात झालं असतं, साहेब."